जड अणूंचे आकडे कुठून घ्यावेत? ईएनएसडीएफ, न्यूडॅट, लाइव्हचार्ट आणि साक्लेचे तक्ते

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्याला लावायची झिरकॉन वाळू, चिकोडी-रायबागच्या उसाला पडणारं डीएपी, निपाणीचा तंबाखू आणि बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरचा युरेनियम असलेला वालुकाश्म. बेळगावच्या आसपास जड किरणोत्सारी अणू मोजायचे म्हटलं की हेच चार नमुने आधी टेबलावर येतात. जर्मेनियम डिटेक्टरसमोर नमुना ठेवला की वर्णपटात शिखरं उभी राहतात. शिखराचे बेकरेल (सेकंदाला होणारे क्षय) करायचे तर त्याच्या क्षेत्रफळाला चार गोष्टींनी भागायचं: मोजणीचा वेळ, डिटेक्टरची कार्यक्षमता, नमुन्याचं वजन आणि गॅमाची तीव्रता, म्हणजे शंभर क्षयांमागे तो गॅमा किती वेळा बाहेर पडतो तो आकडा. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातातल्या. चौथी बाहेरून आणावी लागते. ती मोफत देणारी ठिकाणं इंटरनेटवर आहेत, आणि हे परीक्षण त्यांचंच.

निकाल आधीच सांगून टाकतो. बेकरेल काढायचे असतील तर फ्रान्समधल्या साक्लेचे तक्ते, जे डीडीईपी या आंतरराष्ट्रीय मूल्यांकन प्रकल्पातून येतात. केंद्रकाच्या ऊर्जापातळ्यांचा आराखडा बघायचा असेल, किंवा साक्लेच्या यादीत तुमचा अणूच नसेल, तर ईएनएसडीएफ हा अमेरिकेत सांभाळला जाणारा साठा. रोजच्या शोधाशोधीला न्यूडॅट किंवा लाइव्हचार्ट या शोधसेवा. आणि वर्णपटाच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली तयार लायब्ररी (अणू आणि त्यांच्या गॅमा रेषांची यादी) तपासल्याशिवाय अजिबात नको.

आकडा मोजलेला नसतो, ठरवलेला असतो

या सेवांमधल्या रकान्यातला आकडा कुठल्या एका प्रयोगातून जसाच्या तसा आलेला नसतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी केलेली मोजमापं कोणीतरी गोळा करतो, चुकीची बाजूला काढतो, उरलेल्यांना वजन देतो आणि एक किंमत निवडतो. तो मूल्यांकक. शेतीचा उतारा बघताना नुसतं नाव बघून कोणी इसार देत नाही, फेरफार बघतो. इथंही तसंच आहे. जी सेवा फेरफार दाखवते ती चांगली, जी नुसतं नाव दाखवते ती कामचलाऊ.

थोरियम-२२९ घ्या. कर्करोगाच्या अल्फा उपचारात वापरतात तो ॲक्टिनियम-२२५ याच्यापासून मिळतो, म्हणून याच्या अर्धायुष्याला महत्त्व. १९५०च्या दशकातलं मोजमाप ७३४० ± १६० वर्षं. १९८९चं ७८८० ± १२०. फरक ५४० वर्षं, आणि दोन्ही अनिश्चितता मिळून २००. म्हणजे दोघांचं जमत नाही. साधी भारित सरासरी काढली तर ७६८६ ± ९६ येते. दिसायला नेमकी, पण फसवी, कारण काय-वर्ग (मोजमापं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) ७.३ आहे आणि दोनच मोजमापं असताना तो १ च्या आसपास असायला हवा. काय-वर्गाच्या वर्गमुळानं अनिश्चितता फुगवली की ± २६० होते. डीडीईपीची पद्धत आणखी एक पायरी पुढं जाते: कुठल्याही एका मोजमापाला निम्म्याहून जास्त वजन द्यायचं नाही. इथं १९८९च्या मोजमापाला ६४ टक्के वजन मिळत होतं, म्हणून त्याची अनिश्चितता १२० वरून १६० करून दोघांना सारखं बसवायचं. मग सरासरी ७६१० येते आणि फुगवलेली अनिश्चितता २७०, म्हणजे दोन्ही मूळ किमती जेमतेम कवेत येतात. पुढं २०१४मध्ये ७९१७ ± ४८ असं मोजमाप आलं आणि पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं. भांडणारे दोनच आकडे असतील तर सांख्यिकी निवाडा देत नाही, फक्त अनिश्चितता प्रामाणिक ठेवते. हे सगळं ज्या तक्त्याच्या टिपणात वाचायला मिळतं तो तक्ता वापरायचा.

ईएनएसडीएफ: गोदाम

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं राष्ट्रीय अणुविदा केंद्र हे गोदाम सांभाळतं. मूल्यांकन करणारे गट वेगवेगळ्या देशांत विखुरलेले आहेत आणि त्यांचा समन्वय व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था करते. आपल्याकडून रुडकीच्या आयआयटीतल्या गटानं या जाळ्यात काम केलंय. काम वस्तुमानांकानुसार वाटलेलं असतं. एका वस्तुमानांकाचे सगळे अणू एकत्र घेतात आणि त्यांचं मूल्यांकन बऱ्याच वर्षांच्या अंतरानं नवं होतं. म्हणून डेटासेट उघडल्यावर पहिल्यांदा वरची ओळ वाचायची: मूल्यांकक कोण, आणि साहित्य कुठल्या तारखेपर्यंतचं घेतलंय. तारीख पंधरा वर्षांपूर्वीची असेल तर त्यानंतरचे लेख त्यात नाहीत. ते बघायला एक्सयूएनडीएल नावाचा वेगळा साठा आहे. तो ताजा असतो, पण त्यावर कोणाचा निवाडा झालेला नसतो.

नवख्यांचे पाय इथं तीन ठिकाणी घसरतात.

पहिलं, अनिश्चितता लिहायची रीत. रेडियम-२२६चं अर्धायुष्य १६०० आणि पुढं तिरप्या अक्षरात ७ असं दिसतं. ते १६०० ± ७. रेडॉन-२२२चं ३.८२३५ दिवस आणि पुढं ३ म्हणजे ± ०.०००३. अनिश्चितता नेहमी शेवटच्या अंकांची. ती ± ३ दिवस धरून केलेलं गणितही अहवालात बघायला मिळतं. हसू येतं, पण असं होतं खरं.

दुसरं, सापेक्ष तीव्रता. क्षयाच्या डेटासेटमध्ये पुष्कळदा सर्वांत ठळक गॅमाला १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात लिहितात, आणि तळटिपेत गुणक देतात. तळटीप न वाचता आकडा उचलला की सगळं गणित त्या गुणकाच्या पटीनं चुकतं. बिस्मथ-२१४च्या ६०९.३ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅमाच्या ऊर्जेचं एकक) गॅमाची खरी तीव्रता ४५.५ टक्के. तिथं १०० धरलेत तर बेकरेल निम्म्याहून कमी येतील.

तिसरं याहून चोरटं. ‘अडॉप्टेड लेव्हल्स’ नावाच्या डेटासेटमध्ये प्रत्येक पातळीवरून निघणाऱ्या सर्वांत ठळक गॅमाला १०० दिलेले असतात. ते त्या पातळीपुरतं प्रमाण, क्षयाशी त्याचा संबंध नाही. बेकरेलसाठी उघडायचा तो क्षयाचा डेटासेट, अडॉप्टेड नव्हे.

गोदामाचं खरं मोल पातळ्यांच्या आराखड्यात आहे. कुठला गॅमा कुठल्या पातळीवरून कुठं उतरतो हे कळल्याशिवाय ‘बेरजेच्या घटी’ची दुरुस्ती करता येत नाही. मारिनेली बीकर (डिटेक्टरवर टोपीसारखा बसणारा डबा) डिटेक्टरवर बसवून माती मोजताना एकापाठोपाठ निघालेले दोन गॅमा डिटेक्टरमध्ये एकाच वेळी पोचतात. यंत्र त्यांची बेरीज करून एकच घटना नोंदतं आणि दोन्ही शिखरांतून एकेक गणती जाते. बिस्मथ-२१४चा ११२०.३चा गॅमा ६०९.३च्या पातळीवर उतरतो, त्यामुळे दोन्ही शिखरं लहान दिसतात. १७६४.५चा गॅमा थेट तळाला जातो, म्हणून तो बराच सुरक्षित. पण ११५५ आणि ६०९ यांची बेरीज नेमकी १७६४ होते, त्यामुळे त्याच्यात थोडी भरही पडते. थॅलियम-२०८मध्ये ५८३चा गॅमा २६१४.५च्या पातळीवर येतो, तिथंही तीच कथा. नुसत्या रेषांच्या यादीवरून यातलं काहीच कळत नाही.

न्यूडॅट आणि लाइव्हचार्ट: काउंटर

न्यूडॅट हे ब्रुकहेवनचंच, तर लाइव्हचार्ट व्हिएन्नाचं. दोन्हींमध्ये अणूंचा रंगीत नकाशा उघडतो. चौकटीवर बोट ठेवलं की अर्धायुष्य, क्षयाचा प्रकार आणि किरणांची यादी समोर येते. न्यूडॅटची पानं हलकी आहेत. अमुक ते तमुक ऊर्जेत बसणारे आणि तीव्रता अमुक टक्क्यांहून जास्त असलेले गॅमा शोधायची सोय उत्तम आहे. अनोळखी शिखर दिसलं की इथंच यावं. ऊर्जेची खिडकी अर्ध्या केईव्हीची ठेवा. दोन केईव्हीची ठेवलीत तर जडांपासून हलक्यांपर्यंत शेकडो नावं निघतील आणि हवं ते नाव त्यात बुडून जाईल. शिवाय अर्धायुष्याची खालची मर्यादा टाका. मिलिसेकंद जगणारे अणू निपाणीच्या तंबाखूत सापडणार नाहीत.

लाइव्हचार्टची जमेची बाजू म्हणजे ठराविक पत्ता टाइप केला की अणूची पूर्ण क्षययादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरते. वीस अणूंची लायब्ररी हातानं टाइप करण्यापेक्षा पाच ओळींच्या पायथन प्रोग्रामनं ती उतरवून घ्यावी. टाइप करताना ३५२च्या जागी ३२५ पडतं आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. फाइल उतरवली की तिची प्रत संगणकावर ठेवा. लाइट गेली, नेट गेलं तरी काम अडत नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे: साइटवरचा आकडा कधी बदलला हे तुमच्या अहवालाला कळत नाही. तुमच्याकडची तारखेसकट प्रत तेवढा पुरावा सांभाळते.

याच व्हिएन्नाच्या संस्थेचं ‘आयसोटोप ब्राउझर’ नावाचं मोबाइल ॲप आहे. नेटशिवाय चालतं. खानापूरच्या जंगलात रेंज नसताना उपयोगी.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. न्यूडॅट, लाइव्हचार्ट आणि ॲप, तिन्हींतला क्षयाचा आकडा बहुतेक ईएनएसडीएफमधूनच आलेला असतो. तिन्हींत तोच आकडा दिसला म्हणून तो पक्का झाला असं नाही. एकाच घरातल्या तिघांनी साक्ष दिली, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा साक्षीदार हवा असेल तर साक्लेला जावं लागतं.

साक्लेचे तक्ते: खरा माल

पॅरिसजवळच्या साक्लेतली हेन्री बेकरेल राष्ट्रीय प्रयोगशाळा, आणि १९९५पासून चाललेला डीडीईपी हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प. अणू दोनशेहून थोडे अधिकच, पण प्रयोगशाळेत खरोखर लागणारे बहुतेक त्यात आहेत. प्रत्येक अणूचे दोन पीडीएफ: एक तक्त्याचा, दुसरा टिपणाचा. तक्ता सगळे वाचतात, टिपण कोणी उघडत नाही. पैसे वसूल होतात ते टिपणात. (पैसे अर्थात लागतच नाहीत.) मोजमापांची यादी, कुठलं का वगळलं, कुठल्याचं वजन का घटवलं, आणि शेवटी आराखडा जुळतो का याची तपासणी, हे सगळं तिथं आहे.

ती तपासणी समजून घेण्यासारखी. बीटा क्षयात सगळे क्षय शेवटी तळपातळीला पोचतात. म्हणून तळाला येणारे सगळे गॅमा, गॅमाऐवजी बाहेर फेकले गेलेले इलेक्ट्रॉन आणि थेट तळाला गेलेला बीटा यांची बेरीज १०० व्हायलाच हवी. ९६ किंवा १०७ आली तर काहीतरी सुटलंय. जड अणूंत इलेक्ट्रॉनचा हिस्सा प्रचंड असतो. लेड-२१०चे साधारण पाचातले चार क्षय ४६.५ केईव्हीच्या पातळीवरून जातात, पण गॅमा बाहेर येतो शंभरात ४.२५ वेळा. बाकीच्या वेळी ऊर्जा अणूतल्याच इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बाहेर पडतो. या दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे रूपांतरण गुणांक. तो मोजला गेला नसेल तर कॅनबेरात तयार झालेल्या ‘ब्रिक’ या प्रोग्रामनं काढतात. त्याला गॅमाचा बहुध्रुव प्रकार सांगावा लागतो, आणि तो चुकीचा दिला, म्हणजे चुंबकी एम-१ असताना विद्युत ई-२ दिला, तर उत्तर कित्येक पटींनी बदलतं. जुन्या तक्त्यांतल्या कमी ऊर्जेच्या तीव्रता डळमळीत असतात, त्याचं हे मोठं कारण.

अल्फा क्षयातली कसोटी वेगळी. तिथं ‘अडथळा गुणांक’ बघतात, म्हणजे क्षयाला साध्या सिद्धांतापेक्षा किती पट वेळ लागतो तो आकडा. सम-सम (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या) अणूच्या तळापासून तळापर्यंतच्या क्षयाचा गुणांक १ धरायचा, त्यावरून केंद्रकाची त्रिज्या काढायची आणि शेजारच्या विषम अणूंना तीच लावायची. गुणांक १ ते ४च्या आत आला तर जनक (क्षय होणारा अणू) आणि कन्या (त्यातून बनणारा) यांच्या पातळ्यांची रचना सारखी. विषम अणूत तो १च्या खाली आला तर तीव्रता किंवा अर्धायुष्य यांपैकी काहीतरी चुकलंय असं समजावं.

साक्लेचीच ‘लारा’ ही शोधसेवा आहे. अल्फा आणि गॅमा रेषा ऊर्जेनुसार शोधता येतात, आणि अर्धविरामांनी विभागलेली साधी मजकुराची फाइल उतरते. स्प्रेडशीटमध्ये ती उघडताना विभाजक म्हणून अर्धविराम निवडा, नाहीतर सगळं एकाच रकान्यात कोंबलं जातं. दिसायला न्यूडॅटसारखी चकचकीत नाही, पण माल अस्सल.

बेळगावच्या नमुन्यांवर कसोटी

रेडियम-२२६च्या १८६.२ केईव्हीची तीव्रता डीडीईपीत ३.५५५ ± ०.०१९ टक्के, तर ईएनएसडीएफमध्ये ३.६४ ± ०.०४. फरक २.४ टक्के, अनिश्चिततेच्या जवळपास दुप्पट. कोणाची बाजू घ्यायची? आम्ही डीडीईपीची, कारण टिपण समोर आहे आणि मोजमापांचा हिशेब जुळतो. पण खरा त्रास इथं वेगळाच आहे. याच जागी युरेनियम-२३५चा १८५.७ केईव्हीचा गॅमा बसतो, तीव्रता ५७ टक्के. जर्मेनियम डिटेक्टरलाही ही दोन शिखरं वेगळी करता येत नाहीत. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ची सक्रियता २३८च्या ०.०४६ पट असते. समतोल असेल, म्हणजे युरेनियम-२३८ आणि त्याच्यापासून बनणारं रेडियम यांची सक्रियता सारखी असेल, तर युरेनियम-२३५कडून ५७ गुणिले ०.०४६ म्हणजे २.६२ आणि रेडियमकडून ३.५६. शिखराचा साडेसत्तावन्न टक्के भाग रेडियमचा, साडेबेचाळीस युरेनियमचा.

झिरकॉन वाळूला हे गणित चपखल लागू पडतं, कारण त्या कणांत युरेनियम, रेडियम आणि रेडॉनसुद्धा घट्ट कोंडलेले असतात. डीएपीला लावलं तर फजिती. फॉस्फेट खडकावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करताना रेडियम जिप्समबरोबर निघून जातं आणि युरेनियम फॉस्फरिक आम्लात राहतं. डीएपी त्या आम्लापासून बनतं. समजा किलोला युरेनियम-२३८ १००० बेकरेल आणि रेडियम १०० बेकरेल आहे. वरचं विभाजन लावलं तर रेडियम ४८० बेकरेल येईल, जवळपास पाचपट. याउलट सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम पोत्यातच राहतं, त्यामुळे तिथं रेडियमही असतं. म्हणजे एकाच दुकानातल्या दोन पोत्यांना दोन वेगळ्या रीती. देशनूरच्या उघड्यावरच्या खडकाचंही तेच. पावसानं युरेनियम धुऊन नेलेलं असू शकतं, तिथं समतोल गृहीत धरू नका.

मग युरेनियम थेट कसं मोजायचं? दोन वाटा आहेत. युरेनियम-२३८पासून लगेच बनणाऱ्या थोरियम-२३४चा ६३.३ केईव्ही आणि प्रोटॅक्टिनियम-२३४एमचा १००१ केईव्ही. पहिल्याची तीव्रता ईएनएसडीएफमध्ये ३.७ ± ०.४ टक्के. ही अनिश्चितता बघा की! अकरा टक्के. नमुना आठवडाभर मोजला, डिटेक्टर लाखमोलाचा असला तरी उत्तर त्याहून नेमकं होणार नाही. त्याहून जुन्या तक्त्यांत हीच तीव्रता ४.८च्या घरात आहे. शिवाय थोरियम-२३२चा ६३.८चा बारीक गॅमा शेजारीच. झिरकॉन वाळूत तर ६३ केईव्हीचा गॅमा काही मिलिमीटरांतच विरतो, त्यामुळे स्वशोषणाची दुरुस्ती मूळ आकड्यापेक्षा मोठी होऊन बसते. तिथं १००१च घ्यावा. तीव्रता ०.८४ टक्के, पण शोषण नगण्य. तीनशे ग्रॅम झिरकॉन, किलोला ३००० बेकरेल, कार्यक्षमता दीड टक्का धरली तर दिवसाला साधारण ९८०० गणत्या होतात. एक टक्क्याची मोजणी. हेच किलोला ३० बेकरेल असलेल्या शेतातल्या मातीला केलं तर दिवसाला शंभरच गणत्या, त्याही पार्श्वभूमीवर तरंगणाऱ्या. मातीला ६३ किंवा रासायनिक पद्धत.

रेडियमसाठी, रेडियमपासून रेडॉन आणि त्यापुढं बनणारे लेड-२१४ आणि बिस्मथ-२१४ वापरायचे तर डबा हवाबंद करून २७ दिवस ठेवायचा. रेडॉनची सात अर्धायुष्यं झाली की ९९ टक्के भरपाई होते. झाकणाला एम-सील किंवा ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावा. साध्या प्लास्टिकच्या झाकणातून रेडॉन झिरपतो. डबा गळ्यापर्यंत भरा. वर पोकळी राहिली तर रेडॉन तिथं जमतो आणि भूमिती बदलते.

आता लेड-२१४चा ३५१.९. जुन्या तक्त्यांत ३७.६ टक्के, नव्या मूल्यांकनात ३५.६. बिस्मथच्या ६०९ची जुनी किंमत ४६.१, नवी ४५.५. जुनी लायब्ररी असेल तर लेडचे बेकरेल सव्वापाच टक्क्यांनी कमी येतात आणि बिस्मथचे जेमतेम सव्वा टक्क्यानं. दोघांत चार टक्क्यांची फट दिसते. रेडॉन गळतोय असं समजून लोक डबे परत सील करतात. पण रेडॉन गळाला तर दोघंही सारखेच कमी व्हायला हवेत, कारण दोघंही रेडॉनच्या खालचे. फट फक्त एकाचीच पडत असेल तर आधी लायब्ररीची तारीख बघा, मग ६०९ची बेरजेची घट.

थोरियमच्या शृंखलेत (थोरियमपासून एकामागून एक बनणाऱ्या अणूंच्या मालिकेत) सगळ्यांत महागडी चूक थॅलियम-२०८ची. २६१४.५चा गॅमा थॅलियमच्या दर शंभर क्षयांमागे ९९.७५ वेळा येतो. पण बिस्मथ-२१२च्या १०० क्षयांपैकी ३५.९४च थॅलियमकडे जातात, बाकीचे पोलोनियम-२१२कडे. म्हणून थोरियमच्या हिशेबात तीव्रता ३५.८५. न्यूडॅट आणि डीडीईपी कन्येच्या क्षयामागचा आकडा देतात. काही तयार लायब्ररी शाखेनं आधीच गुणलेला आकडा देतात. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली वापरली ते फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ५८३च्या समोर ८५ असेल तर थॅलियममागचा आकडा, ३०.६ असेल तर थोरियममागचा. गुणायचं विसरलात तर थोरियम ३६ टक्केच दिसेल. आधीच गुणलेल्याला परत लावलंत तर २.८ पट. ॲक्टिनियम-२२८चा ९११ आणि लेड-२१२चा २३८.६ यांच्याशी पडताळून बघितलं की चूक लगेच सापडते.

निपाणीच्या तंबाखूची गोष्ट वेगळी. तिथं मोजायचा तो पोलोनियम-२१०, अर्धायुष्य १३८.४ दिवस. त्याचा ८०३ केईव्हीचा गॅमा लाखात एकदा येतो, म्हणजे जर्मेनियम डिटेक्टर इथं आंधळा. पानं आम्लात विरघळवून, चांदीच्या चकतीवर पोलोनियम बसवून अल्फा वर्णपट घ्यावा लागतो. किती पोलोनियम हाती लागलं ते कळायला पोलोनियम-२०९चा ठरलेला डोस आधीच मिसळतात. या २०९चं अर्धायुष्य कित्येक दशकं १०२ ± ५ वर्षं असं छापलं जात होतं, १९५०च्या दशकातल्या मोजमापावरून. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१४मध्ये १२५.२ ± ३.३ वर्षं दिलं. जवळपास पाव भागाची चूक! दहा वर्षं कपाटात पडलेलं द्रावण असेल तर जुन्या अर्धायुष्यानं काढलेली उरलेली सक्रियता १.३ टक्क्यानं कमी येते. वीस वर्षांच्या द्रावणाला अडीच टक्के. ही चूक सरळ तुमच्या पोलोनियमच्या उत्तरात उतरते. बाटलीवरच्या प्रमाणपत्राची तारीख आणि त्यात धरलेलं अर्धायुष्य दोन्ही वाचा.

अल्फा वर्णपटाबद्दल आणखी एक. युरेनियम-२३४चा ४७७५ केईव्ही आणि रेडियम-२२६चा ४७८४ केईव्ही एकावर एक चढतात. कुठलीही सेवा कितीही नेमकी ऊर्जा देवो, चकती बनवण्याआधी रसायनानं त्यांना वेगळं केलं नाही तर काही उपयोग नाही.

गुण

डीडीईपी आणि लारा: पाचपैकी साडेचार. अर्धा गुण अणू कमी असल्याबद्दल कापला. ईएनएसडीएफ: चार. माहितीला तोड नाही, पण ऐंशी स्तंभांच्या जुन्या पंचकार्डाच्या साच्यातला मजकूर वाचायला शिकण्यातच आठवडा जातो, आणि काही जड वस्तुमानांकांची मूल्यांकनं जुनी आहेत. लाइव्हचार्ट: चार, फाइल उतरवायच्या सोयीसाठी. न्यूडॅट: चार, शोधासाठी. कार्ल्सरुहेचा छापील अणुनकाशा विकत मिळतो, भिंतीवर छान दिसतो आणि शृंखला शिकवायला उत्तम आहे. अनिश्चितता त्यात नाही, म्हणून हिशेबाला घेऊ नये. सॉफ्टवेअरबरोबरची तयार लायब्ररी: दोन. त्यातला एक गुण ती बदलता येते याचा.

लायब्ररी बदलताना एवढं करा. प्रत्येक अणूसाठी दोन-तीनच रेषा ठेवा. बिस्मथ-२१४च्या चाळीस रेषा भरल्या तर सॉफ्टवेअर दुबळ्या शिखरांनाही वजन देतं. प्रत्येक रेषेपुढं स्रोत आणि उतरवल्याची तारीख लिहा. एका अणूचं अर्धायुष्य आणि तीव्रता एकाच मूल्यांकनातून घ्या, कारण मूल्यांककानं दोन्ही एकमेकांशी जुळवलेली असतात. अनिश्चिततेचा रकाना रिकामा सोडू नका. तो शून्य धरला जातो आणि ६३ केईव्हीचं उत्तर आपोआप खोटं नेमकं होतं. नवी फाइल तयार झाली की ज्ञात सक्रियतेचा एक संदर्भ नमुना दोन्ही लायब्ररींनी काढून बघा. फरक वर सांगितलेल्या टक्केवारीच्या आसपास असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर कुठंतरी शाखेचा गुणक दोनदा लागलाय. आणि जुनी फाइल पुसू नका, नाव बदलून ठेवा. मागच्या वर्षीच्या अहवालातल्या आकड्याबद्दल कोणी विचारलं तर तीच काढावी लागेल.